शांत लेकरू

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी माझी दहा महिन्यांची मुलगी अर्धापूरला सासूबाईंकडे ठेवली आणि एकटी लातूरला परतले.

लातूरला एका वर्तमानपत्रात माझी नोकरी आहे. नवरा नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात. तो अर्धापूरहून, आईवडिलांच्या घरून ये-जा करतो. दसऱ्याला माझी बाळंतपणाची रजा संपली. मुलगी माझ्यासोबत राहायची तर दिवसभर तिला सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. ते मिळालं नाही तर ती अर्धापूरला आणि मी आठवड्यातून एकदा तिच्याकडे, असं ठरलं होतं.

मी दोन पाळणाघरं पाहिली. एकात वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हते. दुसऱ्यात मुलं टीव्हीसमोर बसवलेली होती, आणि मी उभी होते तेवढ्या वेळात एकाही मुलाला कुणी उचललं नाही.

मग मावशी भेटल्या. स्वतःच्या मुलीच्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी त्या उदगीरकडच्या गावाहून येऊन क्लासच्या भागात एका खोलीत राहत होत्या. असं राहणाऱ्या आया लातुरात गल्लोगल्ली आहेत. दोन वेळचा स्वयंपाक करायचा, मूल अभ्यासाला बसलं की आपण भिंतीला टेकून बसायचं. मावशींना दिवसभर दुसरं काम नव्हतं. त्यांनी लेकरू मांडीवर घेतलं आणि ते रडलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी न सांगता भर दुपारी दोनदा जाऊन आले. खोली स्वच्छ होती, मुलगी न्हाऊमाखू घातलेली, पोट भरलेलं. सगळ्या इमारतीत शांतता. ती मला आवडली.

“लई गुणाचं लेकरू हाय, ताई,” मावशी म्हणायच्या. “हूं की चूं करत न्हाई.”

डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की ती घरीही आवाज करत नाही. भूक लागली की माझी ओढणी ओढायची. एकदा पलंगाच्या कडेला डोकं आपटलं, तोंड रडण्यासारखं उघडलं, डोळ्यांत पाणी आलं, आवाज मात्र आला नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. दोन्ही ठीक होते. “घरात कोण कोण असतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी असते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून मावशींकडे गेले. दार उघडंच होतं. मावशींची मुलगी कानात बोळे घालून गणितं सोडवत होती. माझ्या मुलीच्या हातून वाटी पडली. तिने आधी मावशींच्या तोंडाकडे पाहिलं. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. मुलीने उघडलेलं तोंड मिटलं.

मावशी मला गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांत उभ्या राहूनही त्या हळूच बोलत होत्या.

“दीदी अभ्यास करायली, म्हणून सांगते तिला. वरचे पोरं तक्रार करतेत. मालक म्हणला, लेकरू रडलं तर खोली खाली करा. परीक्षेच्या तोंडावर कुठं जाऊ?”

“तुम्ही मारत तर नाही ना तिला?”

“आयो, ताई! ती हाय म्हणून माझं तोंड तरी उघडतं. कानात बोलते तिच्या. न्हाईतर मी दिवसभर कुणाशी बोलू इथं?”

मी आणखी तीन आठवडे दुसरी जागा शोधली. मनासारखी एकही मिळाली नाही. शेवटी सासूबाईंना फोन केला.

“आण की!” त्या म्हणाल्या. “इथं आपल्या दारातच केळीच्या गाड्या भरताना हमाल ओरडतेत, आन् त्यांच्यावर तुझे सासरे. शांत बसायची सोयच न्हाई.”

नवऱ्याने विचारलं, “तू राहशील का एकटी?” मी म्हटलं, राहीन.

त्या रविवारी मुलगी आजीच्या कडेवर असताना मी निघाले. ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा रडली नाही.

नांदेडहून लातूरची बस धरली. बस लोह्याच्या स्थानकात उभी असताना सासूबाईंचा फोन आला.

“तू नजरेआड झालीस आन् हिनं जे भोकाड पसरलं, सगळी गल्ली गोळा केली. आत्ता कुठं झोपली.”

बस सुटली. लातूर येईपर्यंत पुन्हा फोन आला नाही.