शेप्या गोड लागला

काल शहापूरच्या बाजारात शेपूची जुडी नाकाशी नेली आणि एकटीच हसत सुटले. माहेरी शेणव्याला आमच्या घरामागे एक जुना रायवळ आंबा होता. त्याच्या फळाला शेपूचा वास, म्हणून तो शेप्या. कच्चा असताना लोणच्याला एक नंबर, पण पिकला की गाईसुद्धा तोंड फिरवायच्या.

मुरबाडहून मुलगा मला बघायला आला, तेव्हा फेकायला काढलेल्या पिक्या शेप्याची पाटी पडवीतच राहिली होती. चहा येईपर्यंत त्याने आपणहून एक उचलला आणि चोखला. डोळ्यांत पाणी, कान लालबुंद.

"कसा हाय?" बाबांनी विचारलं.

"गोड आहे," म्हणत त्याने बाठासुद्धा चोखून संपवला.

बाबा तडक आत आले. "पोरी, हाच नवरा! शेप्या गोड म्हनतो, म्हंजे तुजा सैपाक पन खाईल."

मी बाबांवर महिनाभर रुसले होते.

काल जेवायला शेपूचीच भाजी केली. "कशी झालीय?" मी ह्यांना विचारलं.

"छान," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ह्यांच्या कानांकडे पाहिलं.