आईचे अकरा दिवस

ज्या सकाळी आईनं मला घराबाहेर काढलं, त्या सकाळी तिनं आधी मला पोटभर जेवू घातलं. पिठलं, भाकरी, वर कांदा फोडून. मी खाल्लं, हात धुतले आणि तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलेली पिशवी दाखवली. आत दोन साड्या, एक टॉवेल आणि माझं आधारकार्ड. "जा बाई आता. माझ्या डोळ्यादेखत मरू नगंस," एवढंच म्हणाली. धाकटा भाऊ दिलीप मोटारसायकलवरून मला हातकणंगल्याच्या स्टँडवर सोडायला आला. एसटी लागल्यावर तो म्हणाला, "ताई, फोन करू नको. आईला त्रास होतो." त्याचे डोळे लाल झाले होते आणि माझेही. त्याचे रडून, माझे पिऊन. सकाळचे नऊ वाजले होते.

आता तोच दिलीप फोन करून विचारतो, "ताई, आईला तिथं काय केलंसा गं तुम्ही?" फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. त्याच्यासाठी लिहितेय आणि आमच्या कोल्हापूरच्या घरातून बाहेर पडून आपापल्या वाटेला लागलेल्या बायकांसाठीही. त्या आईला ओळखतातच.

मी लग्नाची जेवणं करणाऱ्या एका आचाऱ्याच्या हाताखाली काम करायचे. पाचशे माणसांचा भात उतरवायचा म्हणजे पाठ मोडून जायची. काम संपलं की आम्ही बायका मांडवामागं टेकायचो आणि तिथं देशीची बाटली फिरायची. पहिल्या दिवशी मी नाक दाबून घोट घेतला होता. तीन वर्षांनी कामाला जायच्या आधीच लागायला लागली. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. माहेरी मी आईची पितळेची घागर मोडीत घातली, वहिनीशी भांडले, गल्लीत पडले. रोज सकाळी आई तोंडात मिश्रीचं बोट फिरवत माझ्यासमोर उकिडवी बसायची. मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. आमच्याकडच्या निम्म्या बायका ती दातांना लावतात. बोट फिरवत ती विचारायची, "सुनंदे, एवढं साधं सुटत न्हाई व्हय तुला?" मला खरंच सुटत नव्हतं. पण ते कसं सांगायचं, हे मला माहीत नव्हतं.

घरातून निघाले ती नृसिंहवाडीला गेले. आम्ही बौद्ध, त्यामुळं देवळाशी तसं माझं देणंघेणं नव्हतं. पण तिथं दुपारी महाप्रसाद मिळतो आणि घाटावर बसलेल्या बाईला कुणी फारसं विचारत नाही. चार-पाच महिने मी तिथं काढले. त्यातलं बरंच मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायची आज इच्छा नाही. एक दुपार मात्र स्वच्छ आठवते. ताट हातात होतं आणि हात इतका थरथरत होता की भात पायावर सांडत होता. शेजारी एक उंच, दणकट बाई उभी होती. तिनं माझं ताट खालून धरलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय पावणं, हात कवापासनं कापत्यात?"

त्या रत्नामावशी. एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांची एकुलती एक बहीण दारूनं गेली. तेव्हापासून चार ओळखीच्यांना हाताशी धरून त्या कोल्हापुरात हे घर चालवतात. पिणं सुटलेल्या, पण परत जायला जागा नसलेल्या बायकांचं घर. त्या मला थेट घरी घेऊन गेल्या नाहीत. "आधी दवाखाना. एकदम सोडलीस तर झटके येतील," म्हणाल्या. दहा दिवस दवाखान्यात काढले आणि मग शिवाजी पेठेत आले. तालमीमागच्या बोळात, खाली छापखाना आणि वर आम्ही सात जणी.

सुरुवातीला मला ते घर अजिबात आवडलं नव्हतं. पहाटे मावशी पळीनं ताटलीवर दोनदा ठोकायच्या, कंडक्टरनं डबल बेल द्यावी तशा. बाथरूमपाशी रांग लागली की "पुढं सरका, पुढं मोकळंच हाय" हे ठरलेलं. नियम थोडेच होते. घरात कसलीही नशा आणायची नाही. खोटं बोलायचं नाही. संध्याकाळी सातला सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपापला दिवस कसा गेला ते सांगायचं. दुसऱ्या महिन्यात मी भाजी आणायला म्हणून गेले आणि तीन दिवसांनी परत आले. वाटलं, आता इथूनही पिशवी हातात मिळणार. मावशींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आंघोळ कर. मग दवाखान्यात जाऊया. आज पहिला दिवस." त्या पहिल्या दिवसानंतर मी परत प्याले नाही.

पुढं एका कॉलेजजवळच्या मुलींच्या मेसमध्ये मला स्वयंपाकाचं काम लागलं. मिरजेची फरीदा माझ्या खोलीत राहायची. ब्युटीपार्लरवाली, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांतून बाहेर आलेली. ती सगळ्यांच्या भुवया फुकट करायची आणि प्रत्येकीला सांगायची, "तू आधी कशी दिसत होतीस, बघायचंस एकदा!" हसायला यायला लागलं होतं मला. पण आईला फोन करायचं धाडस होत नव्हतं.

दीड वर्षानंतर दिलीपचाच फोन आला. माझा ठावठिकाणा आणि नंबर मावशींनी त्याला आधीच कळवला होता. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं होतं. नंतर काही दिवस धूळ-धूर टाळायचा होता, वेळेवर थेंब घालायचे होते. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि दिलीप फौंड्रीत पाळीवर. त्यानं चाचरत विचारलं, "ताई, आठ-दहा दिवस तुझ्याकडं चालंल का?" 'तुझ्याकडं' हा शब्द ऐकून मी फोन हातात धरूनच मावशींकडं गेले. मावशी म्हणाल्या, "येऊ दे की. पण नियम सगळ्यांना सारखा."

आई आली ती तोंड घट्ट मिटून. माझ्याकडं नीट बघेना. मोतीबिंदूमुळं की रागामुळं, कळायला मार्ग नव्हता. मावशींनी प्रत्येकीची तपासतात तशी तिचीही पिशवी दारात तपासली. साडीच्या घडीतून मिश्रीची डबी निघाली.

"जनाक्का, ही हितं चालत न्हाई," मावशी म्हणाल्या.

"का? ही काय दारू हाय व्हय?"

"नशा ती नशा. तुमच्या पोरीला एक न्याय आणि तुम्हाला एक, असं न्हाई करता येत मला. जाताना देतो परत."

आई पेटलीच. "मी पंधरा वर्सांची असल्यापासनं लावतो! मिश्री लावल्याबिगर माझं पोट साफ हुत न्हाई!" अख्ख्या घराला ऐकू गेलं. फरीदानं तोंडात पदर कोंबला. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, परत फिरायची सोय नव्हती. आई आत आली आणि माझ्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपली.

ऑपरेशन छान झालं. बाकीचं मात्र सगळं बिघडलं. पहिल्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी ती माझ्या आमटीला, फरीदाच्या बांगड्यांना आणि खालच्या छापखान्याच्या आवाजाला शिव्या घालत होती. पोटाचं तर विचारूच नका. मावशींनी एरंडेल दिलं, तेव्हा त्यांनाही दोन ऐकवल्या. मी डोळ्यांत थेंब घालायला गेले की आई विचारायची, "संपलं का गं दिवस?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मेसमधून आले तर कॉट रिकामी. जिना उतरून धावतच बोळातून बाहेर पडले. तालमीसमोरच्या पानटपरीशी आई उभी. काळा गॉगल, डोक्यावर पदर. टपरीवाल्याला ठासून सांगत होती, "तंबाखूची पुडी दे रं, घरात भाजून घेतो मी." तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "आजी, तुमी वरच्या घरातल्या न्हवं? त्या घरातल्या कुणालाबी काय द्यायचं न्हाई, असं मावशींनी सांगितलंय. एवढं चांगलं चाललंय तुमचं, कशाला परत नादाला लागताय? धीर धरा. सुटतंय सगळं."

आईनं गॉगल वर केला. खाली केला. मला पाहिलं आणि तालमीच्या कट्ट्यावर मटकन बसली. मला वाटलं, आता रडेल. तिचे खांदे हलायला लागले, पण ती हसत होती. "मला... मला बेवडी समजला गं त्यो!" हसता हसता तिला ठसका लागला. मी तिची पाठ चोळली. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझा हात तिच्या पाठीला लागला होता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "सुनंदे, तीन दीस झालं, डोक्यात दुसरं कायच येत न्हाई बघ. जेवताना तेच, झोपताना तेच. डोळ्याचं दुखणंबी इसरलो, पर डबी इसरली न्हाई. तुला असंच व्हायचं?"

"ह्याच्या लई पट, आई."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला तरी कुठं कळत हुतं."

"आणि मी रोज सकाळी तोंडात बोट घालून तुला म्हणत हुतो, एवढं साधं सुटत न्हाई व्हय." एवढं बोलून तिनं माझा हात घट्ट धरला. हात स्थिर होता. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, बाजारात वांगं बघावं तसा, आणि सोडलाच नाही. टपरीवाला कौतुकानं आमच्याकडं बघत होता. त्यानं दोघींना लिंबू-सोडा पाजला.

त्या संध्याकाळी सातला आई आमच्या गोलात येऊन बसली. पाहुणी म्हणून तिला बोलायची सक्ती नव्हती. पण तिची पाळी आली तेव्हा तिनं घसा खाकरला. "मी जनाबाई. मिश्री. तीन दिवस झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पुढं म्हणाली, "आमच्यात रोज वंदनेला पंचशील म्हणत्यात. नशा करणार न्हाई, हे पाचवं शील. ते म्हणून झालं की मी मिश्री लावायला बसायचो. एवढी वर्सं माझं मलाच कळलं न्हाई. पोरीचं तेवढं दिसत हुतं." फरीदा उठली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून सरळ आडवी झाली. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "तेल लावत जा गं. नुसती पावडर काय कामाची?"

पुढचे आठ दिवस कसे गेले कळलं नाही. आईनं मावशींना ठेचा करायला शिकवलं, मावशींनी तिला मोबाईलवर नंबर लावायला शिकवलं. पेठेच्या टीमची फुटबॉल मॅच होती त्या दिवशी आम्ही आठ जणी मोबाईलभोवती गोळा झालो आणि आई गॉगल लावून ओरडत होती, "मार की! घर करून राहतोस काय तितं!" अकराव्या दिवशी दिलीप न्यायला आला. मावशींनी डबी पुढं केली. आई म्हणाली, "ठेवा तुमच्याकडंच." दिलीप आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं टकामका बघत राहिला. मग गाडीला किक मारायच्या आधी, माझ्याकडं न बघता म्हणाला, "तूबी चल ताई. घरी."

दोन वर्षं मी या एका वाक्याची वाट बघितली होती. ते आलं तेव्हा मी खूश झाले आणि 'नको' म्हणाले. दिलीप, तुला त्या वेळी वाईट वाटलं, मला दिसलं. पण ऐक. तिथं मी परत तुझी पिणारी बहीण झाले असते, तू रोज माझ्या तोंडाचा वास घेत राहिला असतास आणि मी तो देत राहिले असते. इथं मला मेसमधल्या साठ मुली ताई म्हणतात, भात करपला तर तोंडावर सांगतात, आणि संध्याकाळी सातला मी खरं बोलले तर कुणाला धक्का बसत नाही. आता तर फरीदा आणि मी मिळून दोन खोल्या घेतल्यात, मावशींच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. आमचं सिंक गळतं. गॅलरीत कोथिंबीर लावलीय, ती येत नाही.

आईला आम्ही काय केलं, याचं उत्तर एवढंच आहे. मध्ये एकदा तिनं शेजारणीकडं जाऊन मिश्री लावली, हे तुला माहीत नसेल. तिनं स्वतःच मावशींना फोन करून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बरं. आज पहिला दिवस." तेव्हापासून रोज संध्याकाळी ती मावशींना फोन करते. बोलणं एका मिनिटाचं असतं. "आज न्हाई लावली," ती सांगते. "मी पण न्हाई ओरडलो कुणाला," मावशी सांगतात. त्यातलं एक खोटं असतं.

मागच्या रविवारी तुझ्या मुलीच्या बारशाला मी गावी आले. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं, म्हणून वहिनीनं मला हाक मारली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडं माना वळवल्या. त्यांनी मला शेवटचं कशा अवस्थेत बघितलं होतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. वहिनीनं बाळ माझ्या हातात दिलं. मी वाकले, नाव सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. त्यातला आईचा सगळ्यांत जोरात होता.

संध्याकाळी भांडी आवरताना वहिनीनं विचारलं, "आत्याबाई, राहणार न्हवं चार दिवस?"

"न्हाई गं, उद्या सकाळी घरी जातो. मेसला सुट्टी न्हाई," मी म्हणाले.

'घरी' म्हणाले मी. माझं माझ्याच लक्षात आलं आणि हात थांबले. ज्या घराबाहेर मला काढलं होतं, त्याच घरात उभी राहून मी दुसऱ्या घराला घर म्हणत होते. मी आईकडं बघितलं. ती पाळण्याची दोरी ओढत होती. तिनं वरही बघितलं नाही. लग्न होऊन सासरी सुखानं नांदणाऱ्या लेकीला कुठलीही आई म्हणते, तसं सहज म्हणाली, "सातची गाडी पकड. आणि घरी पोचलीस की फोन कर."