कालिपाची बारी

चोंग-तालच्या एकेचाळीस घरांची मेंढरं एकाच कळपात चरतात आणि रोज एका घराची बारी असते. आसपासच्या गावांच्या परिषदेची बैठक लागली ती नेमकी कालिपाच्या बारीच्या दिवशी. खालच्या गावच्या जुमाकादीर अध्यक्षानं बोटं मोजूनच ती तारीख धरली होती.

त्या वर्षी एकच काम होणार होतं. एक तर नदीवर पूल, नाही तर परिषदेच्या कचेरीला नवी भिंत आणि लोखंडी फाटक. शाळा आणि कचेरी दोन्ही नदीपलीकडे. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, पण दुपारी डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगते आणि पोरांना दोर धरून परतावं लागतं. वसंतात नऊ वर्षांची आइमान दोरावरून सुटली होती. ती वाचली, पण अजून पाण्याला पाय लावत नाही. अकरा सभासदांपैकी पाच पुलाचे, पाच फाटकाचे. अकरावी कालिपा, आणि ती आली नाही तर बरोबरीत अध्यक्षाचं फाटक जिंकणार.

कालिपा मूळची लोकर कातरणारी. तेरा वर्षांपूर्वी निवडणुकीला उभी राहिली ती रागानं, कारण विजेचं यंत्र जळून गाव वीस दिवस अंधारात होतं आणि तेव्हाच्या सभासदाला ते ठाऊकच नव्हतं. निवडून आल्यावर, तात्पुरतं दुरुस्त केलेलं यंत्र बदलून मागायला, ती वीज कचेरीच्या दारात चटई टाकून लोकर पिंजत बसली. तिसऱ्या दिवशी फायलींवर लोकर उडायला लागली आणि साहेबानं स्वतः नवं यंत्र गाडीत चढवून दिलं. गावाला नर्स हवी होती, पण तिला राहायला जागा नव्हती. कालिपानं स्वतःची उबदार खोली तिला दिली आणि आपण तो हिवाळा स्वयंपाकघरात काढला. बोलण्याआधी किती थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती थांबली की सभा श्वास रोखून बसायची.

बारीचा नियमही तिचाच. बदली माणूस चालणार नाही, घरचंच मोठं माणूस हवं. भाड्याच्या दारुड्यानं सात मेंढ्या हरवल्या, तेव्हापासूनचा. तिचा नवरा वारलेला, मुलगा मॉस्कोत. घरचं मोठं माणूस ती एकटीच.

"एजे, आज मी जातो मेंढरांमागं," शेजारचा मुकाश भल्या सकाळी दारात येऊन म्हणाला. तिला सगळे एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात.

"गेल्या साली मेव्हण्याच्या लग्नात तुला बारीसाठी ताटावरून कुणी उठवलं?"

"तुम्हीच. घास तोंडातच होता."

"मग आज मी तुला पाठवलं, तर तो घास तू मला जन्मभर ऐकवशील."

"ऐकवीनच. पण पूल तर होईल."

 कालिपानं काठी उचलली आणि कळप डोंगराकडे नेण्याऐवजी उताराकडे वळवला.

दहा वाजता बैठक सुरू झाली. जुमाकादीरनं पुलाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो पहिला ठराव वाचत होता तोच बाहेर धुरळा उठला आणि दोनशे मेंढरं कचेरीच्या अंगणात शिरली. कालिपा येऊन दारात उभी राहिली, एक डोळा आत, एक बाहेर.

"एजे, सभासदानं आत बसायचं असतं."

"उंबरठा आतच मोजतात, बाळा. तुझ्या आईच्या घरी तरी तसंच होतं."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. इतक्यात जुमाकादीरचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. त्यानं स्वतः लावलेल्या गुलाबांचा पहिला वाफा संपत आला होता.

"बघा, बघा! म्हणूनच फाटक हवं म्हणतो मी!"

"हवंच," कालिपा म्हणाली आणि थांबली. कुणी हललं नाही. "फाटक नाही म्हणून तुझे गुलाब गेले. पूल नाही म्हणून आइमान जाणार होती. आता काय आधी करायचं ते सांगा. दुपारचं पाणी चढायच्या आत मला या कळपासकट पलीकडे जायचंय. तुमचे सगळे विषय संपेपर्यंत मी थांबेन, पण मेंढरांची भूक थांबणार नाही."

जुमाकादीरनं दुसऱ्या वाफ्याकडे पाहिलं आणि स्वतःच सुचवलं की पुलाचा विषय आधी घ्यावा. हात वर झाले. फाटकाला पाच, पुलाला पाच, आणि दारातून काठीसकट पुलाचा सहावा.

परतताना नदी मेंढरांच्या पोटाला लागत होती. शेवटचं कोकरू कालिपानं खांद्यावर घेतलं. ओल्या झग्यानं ती पलीकडे चढली, तेव्हा शाळेची पोरं अजून यायची होती. तिनं कळप तिथंच चरायला सोडला आणि दोराचं टोक धरून, शेवटचं पोर पार होईपर्यंत उभी राहिली.

संध्याकाळी मुकाश आपली मेंढरं ओळखून वेगळी काढायला आला.

"पाय दमलेत यांचे. पोटं मात्र टम्म आहेत. काय खाल्लं?"

"अध्यक्षांचे गुलाब."

"आणि पूल?"

"मंजूर झाला. बांधून झाला की तुझ्या बारीला कोरड्या पायानं पलीकडे जाशील, तेव्हा तो घास विसर."