वाजत्या दगडाचा ओटा

गिरिजाबाईच्या जिभेला हाड नाही, हे खांबाच्या डोंगरावर येणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. "चपला काढा! डोळे हायेत ना?" हे तिचं स्वागत. राजूरच्या गणपतीचं दर्शन झालं की लोकांच्या गाड्या इकडे वळायच्या. पाहण्यासारखं होतंही. रांगेनं उभे काळे दगडी खांब, त्यांच्यामधल्या अरुंद बोळी, पायथ्याला महादेवाची तीन जुनी देवळं. पण लोकांना सगळ्यात हौस वाजत्या दगडाची. म्हशीएवढा दगड, खाली दोन चिपांवर टेकलेला, बाकी सगळा अधांतरी. हातातल्या गोट्यानं ठोकला की घंगाळासारखा ठणठणायचा.

गिरिजाबाई चाळीस वर्षं देवळांची झाडलोट करत होती आणि रोज दिवस कलताना तो दगड तीनदा ठोकत होती. देवासाठी नव्हे, नवऱ्यासाठी. बद्रीनाथ वर पठारावर शेरडं चारायचा. अलीकडे त्याचे डोळे गेल्यात जमा होते, पण घरी बसा म्हटलं की भांडायला उठायचा. वर फोनला रेंज नाही. आवाज येईल तिकडे काठी टेकत तो उतरायचा. बोळ चुकली तर पुढे सरळ कडा होता.

मागच्या महिन्यात जुन्या जालन्याची एक बाई सँडलसकट त्या दगडावर चढून नाचली, आणि तिचा नवरा खाली उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. गिरिजाबाईनं दोघांना झाडू घेऊन गाडीपर्यंत नेलं. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. भर ग्रामसभेत ती कडाडली, "देव हाय का खुर्ची हाय तो? पक्का ओटा करा त्याला! न्हाईतर मी झाडू टाकते, मंग बसा झाडत!"

तिच्या तोंडाला कोण लागणार? गावानं हौसेनं ओटा केला. गवंडी मिथुन गावचाच. सकाळपासून खपला, चारी बाजूंनी फरश्या बसवल्या. गिरिजाबाईनं स्वतः दोनदा चहा नेऊन दिला, दगडाला झेंडूची माळही घातली.

"मावशी, आता हजार वर्षं हलत न्हाई बघा," मिथुन म्हणाला. ती खूश झाली. तिला इतकं खूश क्वचितच कुणी पाहिलं असेल.

दिवस कलला. तिनं गोटा उचलून ठोकला.

थप्प.

पुन्हा ठोकला. भिंतीवर मारावं तसा आवाज. तिनं वाकून पाहिलं. दगडाखालची सगळी पोकळी सिमेंटनं गच्च भरलेली.

"मिथुन्या! कोण्या शहाण्यानं खालून भरलं हे?"

मिथुन थापी धूत होता. "तुम्हीच म्हणल्या ना मावशी, पक्का करा."

जालन्याच्या बाईला, गावाला, मिथुनला द्यायच्या सगळ्या शिव्या तोंडाशी आल्या आणि एकही देता येईना. चाळीस वर्षं ठोकलेला दगड का वाजतो, हे तिनं एकदा तरी वाकून पाहिलं होतं का? स्वतःचा असा राग तिला जन्मात आला नव्हता. तिनं मिथुनची पहार उचलली आणि नव्या फरशीवर घातली.

"मावशी, देवाचं काम हाय! पाप लागंल!"

"लागू दे! तिकडं माझा माणूस कड्यावर हाय!"

मिथुनला तेव्हा कळलं. त्यानं पहार तिच्या हातातून घेतली. सिमेंट अजून पुरतं घट्ट झालं नव्हतं, ढेकळं निघू लागली. ती नखांनी उकरत होती. अंधारून आलं तेव्हा कुठे दगडाखालून आरपार हात गेला.

तिनं ठोकला. आवाज पहिल्यासारखा नव्हता, चिरका होता, पण वाजला. तीनदा नाही, हात भरून येईपर्यंत ती ठोकत राहिली. शेवटी शेरडं दिसली. त्यांच्या मागून बद्रीनाथ आला, काठी हरवलेली, गुडघे फुटलेले, रागानं लाल.

"झोपली व्हतीस का गं? किती हाका मारल्या! कड्यावर बसून राह्यलो मी!"

तिला असं बोलून आजवर कुणी सुटलं नव्हतं. मिथुन दोन पावलं मागे सरला. गिरिजाबाईनं पदरानं नवऱ्याचा गुडघा पुसला. तिच्याच बोटांचं रक्त त्याला लागत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "झोपले व्हते."