जागृतीच्या कानात

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आमच्या गिटारवाल्या मॉन्टीला सांगितलेलं नाही, आणि दारू पोटात गेल्यावर — तेव्हा तर माणूस काय काय बरळतो — तेव्हाही हे तोंडातून निघालेलं नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. मित्र म्हणून ऐका हवं तर. पण मध्येच मान हलवून ‘होतं असं माणसाकडून’ म्हणायचं नाही. या वाक्याची मला भयंकर चीड आहे. होत नाही असं माणसाकडून. माणूस करतो.

उल्हासनगरात कॅम्प पाचला माझी छोटी रेकॉर्ड कंपनी आहे, पत्राशेड म्युझिक. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आमचा स्टुडिओ. खालच्या मशिनी जेवायला थांबल्या की वर आम्ही घाईघाईने गाणं रेकॉर्ड करून घेतो, कारण एकदा त्या सुरू झाल्या की भिंतीसुद्धा थरथरतात. गेल्या आठवड्यात आम्ही नव्या सीझनची घोषणा केली — काही नवी गाणी, एक अल्बम, आणि बदलापूरपासून कोल्हापूरपर्यंत टूर. अल्बम जागृतीचा आहे. जागृती आता गात नाही. ही तिची जुनी रेकॉर्डिंग आहेत, आमच्याकडे पडून होती. पोस्ट टाकली आणि खाली लोकांची रांग — काय गळा आहे यार, कुठे गेली ही, हिनं सोडलं का? ज्यांनी तेव्हा फुकट पास देऊनही यायचे कष्ट घेतले नाहीत, तेच आता हळहळत होते. वाचताना डोक्यात तिडीक जात होती.

मग माइक घेऊन एक मुलगी आली, तिच्या कुठल्याशा कार्यक्रमासाठी. तिनं तेच विचारलं. मी चेहरा पाडला — तो मला छान पाडता येतो — आणि म्हणालो, स्टेजची भीती बसली तिला, काहीजणींचं होतं असं. पाहिलंत? मीच म्हणालो. जी चीड तुम्हाला आत्ता ऐकवली ती तेव्हा कुठे गेली होती?

जागृती बदलापूरच्या सोनिवलीची. आता तिथे टॉवर उभे आहेत, पण तिचं घर जुन्या गावात. तिची आई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाणारी बाई. हळद लागण्यापासून पोरगी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ. जागृती लहानपणापासून आईच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि मागून सूर धरायची. त्या गळ्याला पेटी नको, तानपुरा नको. माझ्याकडे आली तेव्हा कॉलेजात होती, स्वतःची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली होती. साधी गाणी — रिक्षा स्टँड, बदलापुरातल्याच कात्रपमधली क्लासची मुलं, नदीला आलेलं पाणी. ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हे मान्य करतो. आणि त्याच मिनिटाला पोटात दुखलं, हेही मान्य करतो. मी वीस-बावीस वर्षांचा असताना स्वतः गायचो ना. बरा गायचो. फक्त बरा.

असो. मला शिव्या देण्याची घाई करू नका, अजून वेळ आहे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टेजवर गाणाऱ्याच्या कानात एक छोटासा इअरफोन असतो. त्यात त्याला साथीचं संगीत आणि स्वतःचा आवाज ऐकू येतो. हॉलमध्ये लोकांना जे ऐकू येतं त्याची लाइन वेगळी, गाणाऱ्याच्या कानातली लाइन वेगळी. दोन्ही साउंडवाल्याच्या हातात. आमच्याकडे साउंडवाला मीच. आमचे शो लग्नाच्या हॉलमध्ये व्हायचे, दुसरं आहे काय आमच्याकडे? त्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून असा काही परत येतो की चांगला गाणारा भरकटतो. मग तो कानातलं उपटून काढतो आणि आणखी वाट लावतो. म्हणून जागृतीला मी पहिल्या दिवसापासून दम दिला होता. काही झालं तरी कानातलं काढायचं नाही. हॉल खोटं बोलेल, मॉन्टी चुकेल, तुझ्या कानात मी जे पाठवीन ते खरं.

तिनं ते देवाच्या पायावर हात ठेवल्यासारखं पाळलं.

मग एका वर्षी टूरची पोस्टरं लागली, पहिला शो बदलापूरला. आणि शोच्या आधी जागृती स्वतःहून सांगायला आली. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या मॅडमनी तिची गाणी ऐकलीत, त्या शोला येणार आहेत, पसंत पडलं तर तिला घेतील. लपवू शकली असती. नाही लपवलं. म्हणाली, दादा, तुम्हाला सांगितल्याशिवाय मी कशी पुढे जाणार? तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

मी हो म्हणालो. पाठीवर थाप मारली. पेढे आण म्हणालो. आणि ती जिना उतरून गेल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी घडवायची आणि नेणार कोण — ती मॅडम? जिला बदलापूर नकाशात दाखवता येणार नाही ती? टूर माझी, अल्बम माझा, पोस्टरवर तिच्या चेहऱ्याखाली नाव माझ्या कंपनीचं. पोरगी माझी, असंही मनात आलं. तिच्या आईनं ऐकलं असतं तर तिथेच मला उभा सोलला असता.

तर, शो. हॉल भरलेला. मॅडम पुढे, तिसऱ्या की चौथ्या रांगेत. जागृतीची आई जरीची साडी नेसून अगदी कडेला बसलेली. मॉन्टी गिटारवर — हा आमचा उल्हासनगरचा सिंधी पोरगा, हाताला सोनं लागलेलं. पहिलं गाणं जागृती अशी गायली की लोक टाळ्या वाजवायचं विसरले. मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला. ते मी पाहिलं. तेवढंच पाहिलं, आणि...

सांगतो. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा मी तिच्या कानातलं संगीत किंचित खाली ओढलं.

फार नाही. पाव सूर. लॅपटॉपवर एक बटण सरकवायचं, बस. हॉलमध्ये संगीत बरोबर वाजतंय, मॉन्टी बरोबर वाजवतोय, फक्त तिच्या कानात सगळं थोडं उतरलेलं. ती कानाशी इमानदार. जे ऐकू येतंय त्याला धरून गाणार — आणि हॉलमध्ये बेसूर ऐकू येणार. तसंच झालं. आधी लोकांना वाटलं गळा तापतोय. मग पुढची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मॉन्टीनं दचकून तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या कानाला बोट लावलं — काढ, काढ ते. तिनं मान हलवली. नाही. मग माझ्याकडे पाहिलं, हॉलच्या टोकापर्यंत, सरळ माझ्याकडे. मी अंगठा दाखवला. सगळं ठीक.

हा अंगठा. या हाताचा.

तुम्हाला काय वाटतं, रागाच्या भरात हात सरकला? झटक्यात झालं? नाही हो. दुसरं गाणं, तिसरं गाणं, चौथं गाणं. प्रत्येक गाण्याच्या मध्ये मला थांबता येत होतं. मला ते बघायला बरं वाटत होतं — बोलून टाकतो एकदाचं — बरं वाटत होतं. शेवटच्या गाण्याला सगळं परत जागेवर आणलं, कारण नंतर कुणी लॅपटॉप तपासला असता. तेव्हा ती सुरात होती. पण तोवर तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. सूर बरोबर लागला तरी सोडून द्यायची आणि दुसरा शोधायची. मॅडम त्या गाण्याच्या मध्येच उठून गेल्या.

शो संपल्यावर मॉन्टी चिडून विचारत होता, उसने कान से निकाला क्यूँ नहीं? मी म्हणालो, जिद्दी है. आणि जागृती वायरींच्या पेटीवर बसली होती. रडत नव्हती. मी जवळ गेलो तर उठून उभी राहिली, शाळेतल्यासारखी.

“दादा, कानात काही गडबड होती का?”

“कानात सगळं बरोबर होतं,” मी म्हणालो. “तुझंच काहीतरी झालं.”

हा माझा गुन्हा. बटणाचा नंतर. बटणामुळे मॅडम गेल्या. मॅडम काय, अशा पन्नास येतात. पण त्या एका वाक्यानं मी तिचा कान काढून घेतला. हो म्हणालो असतो — वायर सैल होती, लॅपटॉप अडकला, काहीही — तर ती मला घाणेरड्या शिव्या देऊन घरी गेली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गायली असती. मला ते कळत होतं. बोलताना कळत होतं.

तिच्या आईनं मीठ-मिरच्या उतरवल्या. मी भेटायला गेलो — हो, गेलो, सफरचंदं घेऊन गेलो, मला लाज नव्हती — तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, माजे पोरीला कोनाची तरी नजर लागली. ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. चवीनं जेवलो.

नंतर जागृती स्टुडिओत आली दोन-तीनदा. एक ओळ म्हणायची आणि काचेतून विचारायची, ठीक आहे ना? ठीकच असायचं. मी लगेच हो म्हणायचो नाही. क्षणभर थांबायचो, भुवया जरा जवळ घ्यायचो, मग म्हणायचो, हो, चालेल. एवढं पुरलं. एक दिवस यायची बंद झाली. टूर मॉन्टीनं गाऊन निभावली. मॅडमकडे जागृती गेली नाही, म्हणजे माझ्याकडेच राहिली म्हणायची? च्यायला, काय मिळवलं मी?

मॉन्टी सांगत होता, तिच्या भावाच्या लग्नात धवले चालू होते, आई पुढे गात होती आणि जागृती शेजारी बसून नुसते ओठ हलवत होती. आवाज नाही. आईच्या मांडीला मांडी लावून. मी म्हणालो, अरेरे.

आता हा अल्बम. लोकांना जुनी गाणी हवीत, कंपनीला चालेल असं काहीतरी हवं. तिची परवानगी घ्यायला मी कात्रपला गेलो. ती तिथे एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. जरा जाड झालीय, चष्मा लागलाय. मला बघून खरोखर खूश झाली. बाहेरच्या टपरीवर चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. मी मोबाइलवर तिचंच एक गाणं ऐकवलं. ती ऐकत राहिली, मग हसली.

“मशीननं सूर नीट केलेत ना माझे? मस्त केलेत हो, कळतच नाही.”

त्या गाण्याच्या एका सुरालाही मी हात लावलेला नाही. लावायची गरजच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, खालच्या मशिनी बंद असताना, एका दमात गायलेलं आहे ते. जसं गायली तसं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, जिभेवर होतं. समोर ती बसली होती, ओठाला चहा लागलेला.

“हो,” मी म्हणालो. “केलेत.”

ती म्हणाली, उपकार झाले दादा, नाहीतर माझी लाजच गेली असती. परवानगी लगेच दिली. एकच गोष्ट मागितली. लोक तिची स्तुती करतील आणि ती खोटी असेल, हे तिला नको होतं. ज्यानं सूर नीट केले त्याचं नाव प्रत्येक गाण्याखाली यायला हवं. हक्काचं श्रेय ज्याचं त्याला. हे ती दोनदा म्हणाली.

अल्बम शुक्रवारी येतोय. प्रत्येक गाण्याखाली लिहिलंय — सूर-दुरुस्ती, आणि पुढे माझं नाव.