आईच्या नावाचा शेवटचा पुकारा

विमानतळावर नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय काय उभं राहतं, कोण जाणे! माझ्यापुढे असतं एक काउंटर, एक वजनकाटा आणि दिवसभर एकच प्रश्न. "ताई, इमान कव्हय ई?" हे साक्रीकडचे. धुळ्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान नाही, म्हणून बिचारे जळगाव गाठतात. मी म्हणते, "येईल हो दादा, बसा." आणि बोलता बोलता कंटाळते.

आमच्या विमानतळाचा इतिहास मी दोन वाक्यांत सांगते. सुरू झालं, बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. पहिलं विमान उतरलं तेव्हा आजूबाजूची माणसं कुंपणाला लटकून बघत होती, आम्ही पेढे वाटले होते. मग विमानच यायचं थांबलं. मी एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले. वर्ष-दोन वर्षांनी निरोप आला, या परत, विमान सुरू होतंय. पुन्हा पेढे. तोवर माझी पेढ्यांवरची वासनाच उडाली होती.

सोयी म्हणाल तर आहेत. बसायला खुर्च्या आहेत, चहाचा एक स्टॉल आहे, चाकाची खुर्ची आहे, स्वच्छ संडास आहे. बायका लोणच्याच्या बरण्या घेऊन येतात आणि तपासणीत अडवल्या की माझ्यावर खेकसतात. विमानाच्या वेळेचं मात्र काही खरं नसायचं. थंडीत धुकं, पावसाळ्यात ढग, आणि काहीच नसलं तर तिकडून सुटायलाच उशीर. सुट्टीला जामनेरला आईकडे गेले की माझं तेच रडगाणं. "आमचं विमान आणि वेळेवर? नाव नको!" आई पोळ्या लाटत ऐकायची. नशिराबादची मावशी आली असली की तीही ऐकायची. मला वाटायचं, कान किटले असतील यांचे. पण ऐकलेलं सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसत होतं.

माझा मोठा भाऊ हैदराबादला. त्यानं तिकडेच कोर्टात लग्न केलं आणि आम्हाला नंतर कळवलं. त्यावर आईनं जे तोंड बंद केलं ते सहा वर्षं. तो बोलवायचा आणि ही माझ्याकरवी कारणं कळवायची. कधी कणकण आहे, कधी कुणाचं लग्न आहे, कधी शेतात कापूस वेचणीला आलाय. तो समजून जायचा. मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी अवघड आहे असं स्पष्ट सांगितलं. त्यानं मला फोन केला. "एकदा आईला आण. ऑपरेशनच्या आधी तिला बघायचंय मला."

मी जामनेरला गेले, भांडले, रडले. शेवटी आई म्हणाली, "जाते. पण त्याला फोनबिन नको लावून देऊ मला. सहा वर्सांनंतरचा पहिला शब्द समोर बसून बोलीन." मी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं तिकीट काढलं. तिचा बोर्डिंग पास सकाळीच छापून काउंटरवर ठेवला. मामाच्या गाडीनं ती सरळ येणार होती.

आणि त्या दिवशी विमान वेळेवर आलं. अगदी मिनिटाला मिनिट! इतक्या वर्षांत घड्याळ लावावं असं कधी आलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा. प्रवासी उतरले, आमचे चढायला लागले, आणि आईचा पत्ता नाही. फोन केला तर मामानं उचलला. "नशिराबादला आहोत, निंघालोच." आमच्याकडचं 'निघालोच' मला चांगलं ठाऊक आहे. त्यात एक चहा बाकी असतो, एक नमस्कार बाकी असतो आणि चप्पल कुणीतरी शोधत असतं. मी ओरडले, "विमान उभं आहे इथे!" मागून मावशीचा आवाज आला, "आल्याबरुबर थोडी जातं? तूच तं म्हणते, कधी टायमावर नसतं."

आमच्याकडे प्रवासी आला नाही की त्याच्या नावाचा पुकारा करतात, आणि त्या दिवशी माईक माझ्याकडे होता. मी माझ्या आईचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. हॉल रिकामा होता. झाडूवाली बाई तेवढी थांबून माझ्याकडे बघत होती. दारावरचा सहकारी म्हणाला, "येताहेत का? काय सांगू विमानवाल्यांना?" मी म्हणाले, "पाच मिनिटं." त्यांनी पाच मिनिटं दिली. आठच दिवसांपूर्वी उशिरा आलेला एक माणूस माझ्या हातापाया पडत होता आणि मी त्याला नियम सांगितला होता. सहाव्या मिनिटाला आईच्या नावापुढे 'आल्या नाहीत' अशी नोंद मीच केली. विमानाचं दार लागलं.

विमान उडाल्यावर गाडी आली. आई उतरली ती पिशवी पोटाशी धरून. "गेलं?" एवढंच म्हणाली. पिशवीत साडी होती. सून पहिल्यांदा दिसणार, तिची ओटी भरायची, म्हणून फॉल लावायला मावशीकडे टाकलेली साडी घ्यायला ती नशिराबादला वळली होती. मावशीनं वर खण, नारळ, तांदूळ बांधून दिले. म्हणजे माझ्या आईनं सुनेला मनातून घरात घेतलं होतं, आणि त्यातच विमान गेलं. मला तिचा इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

पुढचं विमान दोन दिवसांनी होतं. मामा म्हणाला, गाडीनंच जाऊ. ते तसेच निघाले. मी भावाला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. साडीचंही सांगितलं. तो हसला.

"विमानतळावर नोकरी करणाऱ्या पोरीच्या आईचं विमान चुकलं म्हणतेस? असू दे गं. तिला नसेल यायचं तर जबरदस्ती नको करू. आणि तू खोटं नको बोलू."

"देवाशप्पथ दादा, ती वाटेत आहे!"

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, ते भिंतीकडे तोंड करून पडलेत.

आई सकाळी पोचली तेव्हा त्याला ऑपरेशनला आत नेऊन तासभर झाला होता. तो जिवंत बाहेर आला नाही. तिनं ती साडी वहिनीच्या हातात दिली. ओटी भरायची वेळच राहिली नव्हती.

मी अजून त्याच काउंटरवर आहे. पुकारा करायची वेळ आली की माईक दुसऱ्याकडे देते. आई आता माझ्याकडेच असते. भाजी निवडता निवडता मधेच थांबते आणि विचारते, "त्याला सांगितलं होतं ना तू, मी निंघाली म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मंग काय म्हणला?"

"म्हणाला, आईला म्हणावं, सावकाश ये."