ठरलेलं वाक्य

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसता माळ. कझाकस्तानातल्या बल्खाश सरोवराच्या पश्चिमेचा, करडा, झाड म्हणून नाही. डावीकडून रूळ येतात, उजवीकडे दिसेनासे होतात, आणि त्यांवरून धावतं एक इंजिन, मागे एकच डबा ओढत. डब्यात यंत्रं, आणि यंत्रांपुढे कमशात: पन्नाशीची, डोक्याला लोकरी रुमाल, गालात वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा.

तिचं काम ऐकण्याचं. माळावरच्या ठाण्यांतून निघालेला बिनतारी आवाज धावत्या गाडीत पोचेपर्यंत चढायचा, उतरायचा, मध्येच विरायचा. हवेनं आणि वेगानं नेमकं काय बिघडवलं ते कळायला उपाय एकच. आधीपासून ठाऊक असलेलं काहीतरी पाठवायचं. निघालं ते माहीत, पोचलं ते समोर. मधला फरक म्हणजे वाटेची चूक. तेवढी पुढच्या बोलण्यातून वजा करायची. गाडी जोरात पळाली की ही चूकही भराभर बदलते, म्हणून ठाऊक खुणाही भराभर लागतात. त्या खुणा यंत्र पाठवी. आवाज कानाला कसा लागतो ते पारखायचं वाक्य मात्र माणूस बोले.

खाऱ्या ओढ्याच्या ठाण्यावर तो माणूस म्हणजे म्हातारे तेमीरखान. कमशातनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाडी तिथं थांबत नसे. सुरुवातीला त्यांनी भलताच घोळ घातला होता. कझाक माणूस, विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलेल कसा? "गुरंढोरं खुशाल? माणसं खुशाल? सांडणी व्याली का?" दर खेपेला नवं काहीतरी.

"आजोबा, माझ्याकडे सांडणी नाही," शेवटी एकदा मोजणी संपल्यावर ती वैतागली. "दर वेळी तेच बोला, अक्षर बदलू नका. नाहीतर मला हवेची चूक कळायची कशी?"

"बरं, पोरी. निदान खुशाली तरी राहू दे."

ती राहिली. त्यानंतर वर्षानुवर्षं तेच: "गुरंढोरं खुशाल? माणसं खुशाल?" मोजणी चालू असताना डब्यातून उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. आपल्या एका खोलीत परतल्यावर कमशातच्या ध्यानात येई, दिवसभरात खुशाली विचारली ती त्यांनीच.

आज नव्या वेगानं शेवटची मोजणी होती. उद्यापासून ठाण्यात यंत्रच बोलणार. सकाळी दुधाचा चहा ओतताना इंजिनचालक बेर्दीबेक सहज म्हणाला, "म्हाताऱ्याला मुलगा शहरात नेतोय. म्हातारी गेली ना हिवाळ्यात."

कमशातचा पेला हातातच राहिला. "हिवाळ्यात? मी तर दर आठवड्याला ऐकते त्यांना."

"मग काही बोलले नाहीत?"

"बोलले. तेच."

हिवाळाभर त्या आवाजात कंप येत होता. तिनं तो नीट मोजला होता, आणि हवेच्या नावावर टाकला होता.

"मोजणीत मध्येच कुणी बोललं तर?" तिनं विचारलं.

"बाद. मग साहेब तुला या डब्याची पायरी चढू देतील होय?"

गाडीनं वेग घेतला. ठाणं जवळ आलं. तिनं खुणा दुप्पट दाट करून ठेवल्या होत्या. आवाज आरशासारखा लख्ख आला. "गुरंढोरं खुशाल? माणसं खुशाल?"

हवेची चूक सगळी वजा झाली होती. कंप होता तसाच होता.

कमशातनं तोंडातला गोळा काढून ठेवला आणि बोलायचं बटण दाबलं.

"आजोबा, मी कमशात. आज ठरलेलं राहू द्या. तुमचं सांगा."